झाकणावरची खुर्ची

"इतकं कम्मी कसं रे?"

दुकानदारीच्या एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकाच गिऱ्हाइकाने विचारला. बाकीची माणसं विचारतात, अजून किती कमी करणार? तुळसक्काने समोर ठेवलेल्या गॅसच्या गीझरला हातही लावला नाही. दोन पावलं मागे सरकून, साप बघावा तशी ती त्याच्याकडे बघत होती. मी सांगितलेला भाव बाजारात कुठेच मिळाला नसता. नवं घर बांधणारं गिऱ्हाईक, पुढे नळ-पाइप सगळं माझ्याकडूनच घेईल, म्हणून मी मुद्दाम उतरलो होतो.

"कम्मी केला म्हणून तक्रार करताय का, अक्का?" मी म्हणालो.

"तक्रार नाही रे. भीती वाटते. याचा धूर कुठं जातो?"

"न्हाणीघराला खिडकी असतेच की."

"अन् थंडीत खिडकी लावून घेतली तर? आत गेलेलं माणूस बाहेर नाही आलं तर?" असं म्हणून तिने दुकानाच्या दाराकडे पाहिलं, जणू आत्ता कोणीतरी आतून बाहेर यायचं राहिलंय.

मग तिने विजेचा महागातला गीझर घेतला, वर त्याच्यासाठी वेगळा स्विच घेतला आणि रुपयाही कमी न करता निघून गेली. नफा मला जास्त झाला. तरी संध्याकाळपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. मी दिलेली सूट आजवर कोणी अशी परत केली नव्हती.

हूटगळ्ळीत हुणसूर रस्त्याला माझं हे दुकान आहे. सायकलच्या कॅरिअरला पाइपांची मोळी बांधून बांधकाम चाललेल्या घरांपाशी हिंडण्यापासून सुरुवात केली. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. इथल्या महाराजांच्या घोडदळात असलेल्या पणजोबांची एक तलवार होती, तीही काकाने आधीच विकली होती. जे मिळवलं ते घासाघीस करून. समोरच्याचा भाव कुठे तुटतो ते मला त्याच्या डोळ्यांत दिसतं, आणि दिसलं की तिथपर्यंत नेल्याशिवाय मी सोडत नाही. रागीट आहे, हे लोक सांगतात. फसलो नाही, हे मी सांगतो.

तुळसक्का आमच्यातलीच, घोडदळाबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांतली, आमच्यासारखंच कानडी मिसळलेलं मराठी बोलणारी. जयलक्ष्मीपुरममधल्या एका मुलींच्या शाळेत तिने ऑफिसात नोकरी केली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर हूटगळ्ळीत आमच्या गल्लीत, माझ्या घराला लागूनच तिने छोटं घर बांधलं. अंगाने काटकुळी, चष्म्याला एका बाजूला दोरा बांधलेला. दोन-चार सुती साड्या, एक जोड चपला, घरात एक पंखा. टीव्ही नाही. कॉफीसुद्धा पाहुण्याला दूध घालून, स्वतःला कोरी. पेन्शन बरी होती. ती जात कुठे होती ते गल्लीला कळायला फार वेळ लागला नाही. तुळसक्काची सगळी पेन्शन भीतीवर खर्च व्हायची.

इतकी घाबरट बाई मी दुसरी पाहिली नाही. वीज कडाडली की कानात बोटं घालून बसायची. गॅसचं बटण बंद करून दारापर्यंत जायची, पुन्हा येऊन बघायची. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाचा हात धरायची. पण हे सगळं तिचं स्वतःपुरतं असतं तर मी हा कागद काळा केला नसता. तिला भीती वाटायची ती जास्त करून दुसऱ्यांसाठी. समोरच्या दुमजली घराला रंग द्यायला आलेला माणूस बांबूवर नुसताच उभा राहिलेला तिने पाहिला. घर तिचं नाही, रंग तिचा नाही. रिक्षा करून शहरात गेली आणि कमरेचा पट्टा अन् दोर घेऊन आली. रंगारी हसला. ती म्हणाली, "हस रे बाबा, पण बांधून हस. माझ्याकडनं बघवत नाही."

तिच्या दारात नारळाची दोन झाडं होती. त्यावर ती कोणाला चढू द्यायची नाही. मग वरचा नारळ कोणाच्या डोक्यात पडेल म्हणून तिने खाली जाळी बांधून घेतली. त्या जाळीच्या पैशात वर्षभर पुरतील एवढे नारळ आले असते. आणि स्वतः मात्र नारळ बाजारातून आणायची! मला राहवलं नाही.

"अक्का, बाजारातले नारळ काय आभाळातून पडतात? ते काढायलाही कोणीतरी चढलाच असेल की!"

मला वाटलं, ती हसेल, नाहीतर चिडेल. तिचा चेहरा पांढरा पडला. "अय्यो, खरंच रे," ती म्हणाली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही." पुढचे कित्येक दिवस आमच्या शेजारघरी नारळाशिवाय स्वयंपाक झाला. मग एच. डी. कोटे गावाकडचा एक माणूस तिला सापडला. तो झाडाला लोखंडी शिडीचं यंत्र लावून, पट्टा बांधून चढायचा. त्याला बसभाडं देऊन ती बोलवायची. तुळसक्काला टोमणा मारणं असं महागात पडायचं, आणि पडायचं तिलाच.

पण यात माझंही नुकसान होत होतं, ते कोणी बघत नव्हतं. ती मागेल तो भाव देते हे कळल्यावर गल्लीत येणारा गवंडी, सुतार, माळी, सगळे माझ्याशी ताठ बोलायला लागले. "पक्कद मने अम्मा इष्टु कोडुतारे," शेजारच्या अम्मा एवढे देतात, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याची चीड बसली. एकदा मी तिला कुंपणावरूनच सुनावलं. म्हणालो, "तुम्ही भाव बिघडवताय. आणि घाबरायचं तरी किती माणसाने? आपण घोडदळातल्या शिपायांची पोरं, अक्का!"

ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "नागोजी, शूर होते ते तिथंच पडले. घाबरून परत आले त्यांना पोरंबाळं झाली. आपण त्यांचीच अल्ला, नाही का?"

माझी बायको शांता आतून मोठ्याने हसली. तो हशा माझ्या कानात अजून आहे.

आता खुर्चीची गोष्ट.

आमच्या भागात तेव्हा गटाराची लाइन आली नव्हती. प्रत्येक घराच्या मागे संडासाची टाकी, आमच्याकडे तिला पिट म्हणतात. आमचा पिट भरला. उपसा करणारी लॉरी येते, पण लॉरीवाला म्हणाला, गल्ली अरुंद, पाइप लांब लावावा लागेल, तळाचा गाळ घट्ट झालाय, त्याला पाणी मारावं लागेल. आणि असा भाव सांगितला की मी फोन आपटला. मग कोणाच्या तरी ओळखीने महादेवा आला. सोबत त्याचा मेहुणा. एक दोर, दोन बादल्या. लॉरीच्या निम्माही भाव नव्हता, तोही मी अजून खाली आणला. माणसाला असं आत उतरवायला कायद्याने बंदी आहे हे मला माहीत होतं, महादेवालाही होतं. ते मी भाव पाडायलाच वापरलं. म्हणालो, उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील, ती जोखीम माझी, तेव्हा भावात अजून उतर. तो उतरला.

झाकण सरकवलं. वास येणार हे ठाऊकच होतं. पण वासापेक्षा वेगळं काहीतरी वर आलं. एक कोमट वाफ, आणि आत अंधार, त्यात अधूनमधून बुडबुडा फुटल्याचा आवाज. महादेवाने लुंगी कमरेला खोचली, कडेला बसला आणि पाय आत सोडले. मेहुण्याच्या हातात दोर होता, तो बादलीचा. महादेवाच्या अंगाला काहीच बांधलेलं नव्हतं. मी ते पाहिलं होतं.

"बेडप्पा, नको रे! उतरू नको!"

कुंपणाच्या फटीतून तुळसक्का आत शिरत होती. एका हातात तिच्या व्हरांड्यातली लोखंडी घडीची खुर्ची, हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची. साडी कुंपणात अडकली ती तिने ओढून फाडली. घाबरलेली बाई किती वेगाने चालू शकते ते त्या दिवशी मी पाहिलं. महादेवाच्या दंडाला धरून तिने त्याला मागे ओढलं. तिच्यात ताकद नव्हती. एवढ्या म्हाताऱ्या बाईला झिडकारू कसं, म्हणूनच बहुधा तो उठला. मग तिने मेहुण्याला कानडीत अन् मराठीतही सांगितलं, "मुच्चप्पा, झाक ते." तिच्या आवाजाने तो इतका दचकला की त्याने खरोखरच झाकण लावलं. तिने त्यावर खुर्ची उघडली आणि बसली.

"अक्का, उठा," मी म्हणालो.

"नाही उठत."

"माझं घर आहे, माझा पिट आहे."

"तुझाच आहे की. पैसेही तुझेच जाऊ देत. लॉरी बोलाव."

"तुम्हाला एवढी दया येतेय तर तुम्ही भरा लॉरीचे पैसे!"

मला खात्री होती, ती लगेच हो म्हणेल. रंगाऱ्याच्या पट्ट्याला पैसे देणारी बाई. पण तिने मान हलवली. "माझ्याकडे आहेत, पण देणार नाही. पिट तुझा, पैसे तुझे. भीती तेवढी माझी."

ती थरथरत होती. खुर्चीचे पाय झाकणावर कडकड वाजत होते, तो आवाज साऱ्या परसात ऐकू येत होता. गच्च्यांवर माणसं जमली. महादेवाचा राग माझ्यावर नव्हता, तिच्यावर होता. तो तिच्यापुढे येऊन ओरडला, "निमगे भया, नमगे होट्टे!" तुम्हाला भीती आहे, आम्हाला पोट आहे. "हे काम गेलं तर मी घरी काय नेऊ? तुमची भीती?"

हा प्रश्न मला पटला. मी म्हणालो, "द्या उत्तर."

 तिने तोंडात पदर धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझं खरं आहे, बाबा. आजची मजुरी माझ्याकडून घे. उद्याची मला माहीत नाही. पण आत जाऊ नको." महादेवा बराच वेळ शिव्या देत होता. मजुरी मात्र त्याने घेतली, आणि घेताना तिच्याकडे पाहिलं नाही.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. ओरडून झालं होतं. म्हणून खालच्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून, विचारलं, "अक्का, कोण गेलं तुमचं असं? भाऊ? बाप? कोण विहिरीत गुदमरलं? सांगा तरी."

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "कोणी नाही रे," ती म्हणाली. "आधी कोणीतरी मरायला पाहिजे का?"

 तिच्यामागे एखादी जुनी गोष्ट असती तर मी म्हटलं असतं, बिचारी, तिच्यावर प्रसंग आलाय, म्हणून घाबरते. गोष्ट नव्हतीच. नुसतं झाकण होतं, त्याखालचा अंधार होता आणि कडेला एक माणूस उभा होता. तिला जे दिसत होतं ते मलाही दिसत होतं. बुडबुड्याचा आवाज मीही ऐकला होता.

ऊन चढलं. शांताने अक्काला ताकाचं भांडं नेऊन दिलं, माझ्याकडे न बघता. शेवटी मी लॉरीवाल्याला फोन केला. तो आला, परसात डोकावला. झाकणावर म्हातारी, गच्चीवर गर्दी, मी घामाघूम. त्याने आधी सांगितलेला भावही वाढवला! अडलेलं गिऱ्हाईक त्याने एका नजरेत ओळखलं, जसं मी ओळखतो. मी तोंड उघडणार, तोच खुर्चीतून आवाज आला, "दे रे, दे. किती वेळ बसू?" गच्चीवरची माणसं हसली. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस न करता पैसे मोजले, तेही वाढीव, तेही साऱ्या गल्लीसमोर.

लॉरीने काम केलं. जाताना अक्का खुर्ची तिथेच विसरली असं मला वाटलं. मी कुंपणावरून ती द्यायला गेलो तर म्हणाली, "राहू दे तिथंच. परत लागेल."

माझा तिच्यावरचा राग तेव्हापासूनचा आहे, आणि तो गेलेला नाही. त्या पिटात विषारी हवा होती का? महादेवा उतरला असता तर संध्याकाळपर्यंत काम करून, हातपाय धुऊन, पैसे घेऊन गेला असता का? मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. मी पाइप विकतो; पाइप हातात घेऊन बघता येतो, वाकवता येतो. तिने मला जे घ्यायला लावलं ते कसं बघायचं? जे घडलं नाही त्याची पावती कोण देतं? हे मी तिला एकदा विचारलंही. ती म्हणाली, "घाबरायला पैसे लागत नाहीत, नागोजी. ते नंतर लागतात."

वाईट म्हणजे, ही भीती मलाही लागली. दुकानात एखादा माल देणारा पटकन खाली आला, की पूर्वी मला गुदगुल्या व्हायच्या. आता मी त्याचं बिल पुन्हा वाचतो. एवढ्या भावात याला परवडतं कसं? कुठे काय कापलं याने? माल उतरवणाऱ्या हमालाच्या डोक्यावर पाइपांची मोळी कलली की मी गल्ला सोडून उठतो. पूर्वी मी त्या मोळीतले पाइप मोजायचो. दुकानात माझ्याशिवाय कोणी घाबरत नाही. मुनीम विचारतो, "साहेब, बरं वाटत नाही का?" काय सांगणार? शेजारणीचा रोग लागलाय म्हणून?

गेल्या वर्षी तुळसक्काचं हृदय थकलं. बंगळूरूची भाची येऊन राहिली होती, पण इस्पितळात न्यायला गाडी माझीच होती. वाटेत मला वाटत होतं, ही आता भीतीनेच जाणार. इंजेक्शनच्या सुईला जी डोळे मिटते ती या यंत्रांच्या जंगलात काय करील? पण पलंगावर ती शांत पडली होती. हाताला नळ्या, बोटाला चिमटा, आणि चेहरा असा, की जणू बसस्टँडवर बस यायची वाट बघतेय. यंत्राचा आवाज बदलला की दचकत होतो तो मी.

"घाबरलास?" तिने विचारलं.

"मी कशाला घाबरू?"

"घाबर रे थोडं." ती हसली. मग डोळे मिटूनच म्हणाली, "पिट भरत आला असेल तुझा."

"आलाय."

"खुर्ची आहे?"

"आहे. पट्ट्या कुजल्यात."

"पुरे की. बसण्यापुरती आहे ना." आणि तिने माझा हात धरला, रस्ता ओलांडताना अनोळखी माणसाचा धरायची तसा. भाची आत आली तेव्हा मी तो सोडवून घेतला. दोन दिवसांनी अक्का गेली.

तेराव्याला महादेवाही आला होता. मागे उभा राहून जेवला आणि गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमचा पिट तुंबला. लॉरीवाल्याने सांगितलेला भाव आता आणखी वर गेला होता. मी फोन ठेवतो न ठेवतो तोच महादेवा दारात हजर. गल्लीतली बातमी त्याला कशी लागते कोण जाणे. केस पिकले होते, दोर तोच होता.

"लॉरीच्या निम्म्यात करतो, सार," तो म्हणाला.

 निम्म्यात. मी अजून एक शब्द न बोलता निम्म्यात. मी तोंड उघडलं असतं तर त्याहून खाली आला असता. मी भाव पाडत नाही असं पाहून त्याने परसाकडे, झाकणाकडे, मग कुंपणापलीकडच्या बंद घराकडे नजर टाकली. आवाज खाली आणून, माझी अडचण आपणच दूर करतोय अशा सुरात तो म्हणाला, "अम्मा इल्ल अल्ला, सार." अम्मा आता नाहीत ना, साहेब.

 मी त्या घराकडे पाहिलं. फटीतून कोणी येत नव्हतं. येणार नव्हतं. नारळाखालची जाळी एका बाजूने सुटून लोंबत होती. महादेवाने लुंगी खोचायला सुरुवात केली, आणि त्याच्या मागे काळं झाकण, आणि भिंतीला टेकवलेली ती गंजकी खुर्ची. मधे उभं राहायला या जगात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. याची मला इतकी भीती वाटली की राग आला, तिचाच. जाताना हेही माझ्याच गळ्यात टाकून गेली.

मी खुर्ची उचलली, झाकणावर उघडली आणि बसलो. एक पट्टी तुटली.

महादेवा आधी चक्रावला. मग हसायला लागला. पोट धरून हसला. "नीवू कूडा, सार?" तुम्हीसुद्धा? त्याला म्हणालो, आजची मजुरी शांताकडून घेऊन जा, आणि लॉरीचा पाइप धरायला थांबणार असशील तर त्याचे वेगळे. तो थांबला.

मग मी खिशातून फोन काढला आणि लॉरीवाल्याला लावला. घासाघीस सोडलेली नाही मी. पाइपाच्या लांबीवरून भांडलो, डिझेलवरून भांडलो, मागच्या वेळचं उट्टं काढलं. पलीकडचा माणूस थकून खाली आला. पण हे सगळं मी बसूनच केलं. बोलताना खुर्चीचे पाय झाकणावर कडकड वाजत होते. लॉरी गल्लीच्या तोंडाशी दिसेपर्यंत उठायचा मला धीर झाला नाही.